वाचक विचारतात : पंधरा बाद मतं, तीन पांढरे लांडगे आणि बाकीचं बरंच काही

या खेपेच्या टपालात राजकारण, खेळ, विज्ञान आणि अद्भुतकथा असे चारही प्रांत आले. पत्रं वेगवेगळ्या गावांची आणि वयांची, पण बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. बातमीत निकाल कळतो. तो ठरवला कोणी आणि कोणत्या नियमाने, हे मात्र कळत नाही. म्हणून आज नियमांच्या खोलात थोडं जास्त शिरलो आहे. राजकारण आणि लांडगा या दोन उत्तरांना जागाही जास्त दिली आहे, कारण त्या दोन्ही विषयांत सांगण्यासारखं बरंच आहे.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पंधरा खासदारांची मतं बाद झाली. आमच्या वाडीवरच्या ऐंशी वर्षांच्या आजी बिनचूक मत देऊन येतात. कायदे करणाऱ्यांना ते जमू नये? (सेवानिवृत्त मुख्याध्यापक, तासगाव)

तुमचा संताप रास्त आहे, आणि मागचे आकडे पाहिलेत तर तो वाढेलच. ९ सप्टेंबर २०२५ ला ७८१ मतदारांपैकी ७६७ जणांनी मतदान केलं. सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ मतं मिळाली, बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००, आणि १५ बाद. आता २०२२ पाहा : जगदीप धनखड ५२८, मार्गारेट अल्वा १८२, बाद पुन्हा १५. त्याआधी २०१७ मध्ये व्यंकय्या नायडू आणि गोपाळकृष्ण गांधी यांच्या लढतीत ११ मतं बाद. सलग तीन निवडणुकांत दोन आकडी मतं वाया गेली आहेत. एखाद्या नवख्या खासदाराचा गोंधळ म्हणून ते सोडून देता येत नाही.

मुळात हे मतदान आपल्या मतदानासारखं नसतं. मतदान यंत्र नाही, चिन्ह नाही, शिक्का नाही. कागदी मतपत्रिकेवर दोन रकाने असतात : एकात उमेदवारांची नावं, दुसरा पसंतीसाठी रिकामा. आवडत्या उमेदवाराच्या नावासमोर आकड्यात १ लिहायचा. दुसरी पसंती द्यायची असेल तर दुसऱ्यासमोर २. ती दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही. आकडा आपल्या देवनागरीत चालतो, इंग्रजीत चालतो, रोमन चालतो, कुठल्याही भारतीय भाषेच्या लिपीतला चालतो. पण अक्षरात ‘एक’ लिहिलं की मत गेलं. बरोबरची खूण केली, तरी गेलं. दोन्ही नावांसमोर १ लिहिला, किंवा एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही लिहिले, तरी गेलं. मत कोणाचं ते ओळखू येईल अशी सही किंवा खूण केली, तरीही तेच. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती निवडणुकांचे हे नियम १९७४ पासून आहेत.

शिवाय पेन. मतदान केंद्रात निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेनच वापरावं लागतं. त्यामागे हरियाणाचा २०१६ चा किस्सा आहे. तिथल्या राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनाने लिहिलेली डझनभर मतं बाद ठरली आणि त्याने निकालच फिरला. तेव्हापासून आयोग स्वतःचं पेन देतो आणि मतदाराचं पेन बाहेर ठेवून घेतो.

नियम किती काटेकोर असतो हे महाराष्ट्राने १० जून २०२२ च्या रात्री पाहिलं आहे. राज्यसभेच्या त्या निवडणुकीत आमदारांनी मतपत्रिका कशी दाखवली यावर तक्रारी झाल्या, प्रकरण दिल्लीत आयोगापर्यंत गेलं आणि विधानभवनात सगळे मध्यरात्र उलटेपर्यंत ताटकळले. आमदार सुहास कांदे यांचं मत बाद करा असा आदेश आल्यावरच मोजणी सुरू झाली आणि निकाल पहाटे लागला. इथे एक फरक ध्यानात ठेवा. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायचीच असते, पण त्याच्याखेरीज कोणालाही नाही. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र कोणालाच दाखवायची नाही. तिथे पूर्ण गुप्त मतदान असतं आणि पक्षाला व्हीप काढता येत नाही.

या गुप्ततेमुळेच २०२५ च्या निकालानंतर बेरीज-वजाबाकीचा खेळ रंगला. विरोधकांनी आपले ३१५ खासदार मतदानाला आल्याचं सांगितलं होतं. मतं पडली ३००. वजाबाकी पंधरा, आणि बाद मतंही पंधराच! अनेकांनी लगेच दोन्ही जोडून टाकलं. तसं जोडता येत नाही. बाद मतं कुठल्या बाजूची होती हे मतपत्रिकेवरून कळत नाही. शिवाय सत्ताधारी बाजूच्या पारड्यात तिच्या हक्काच्या संख्येपेक्षा जास्त मतं पडली होती, म्हणजे काही मतं इकडून तिकडे गेलेली असणार. कोण चुकलं, कोणी मुद्दाम मत वाया घालवलं आणि कोण फुटलं, हे गुप्त मतदानात कधीच सिद्ध होत नाही.

माझं मत विचाराल तर सगळ्याच चुका अज्ञानातून होत नाहीत. व्हीप नसताना पक्षालाही दुखवायचं नाही आणि मनाविरुद्ध मतही द्यायचं नाही, अशा खासदाराला बाद मत ही आयती पळवाट मिळते. ती बंद करायची तर गुप्तता मोडावी लागेल, आणि ते मला मान्य नाही. पण एक गोष्ट सहज करता येईल. किती मतं कोरी होती, कितींवर दोनदा १ होता, कितींवर खूण होती, हा कारणवार आकडा निकालाच्या घोषणेतच सांगावा. नावं नकोत. नुसत्या आकड्यावरूनही चूक किती आणि हेतू किती याचा अंदाज लोकांना येईल.

जाता जाता : राधाकृष्णन तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल होते, पण आपल्या एकाही आमदाराला या निवडणुकीत मत नव्हतं. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात आणि नामनियुक्त खासदार देत नाहीत. उपराष्ट्रपती निवडताना नेमकं उलट होतं.

प्रश्न : नागपूरची दिव्या देशमुख एका स्पर्धेने एकदम ग्रँडमास्टर झाली. बाकीच्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं घासावं लागतं. हा त्यांच्यावर अन्याय नाही का? (बुद्धिबळ शिकवणारे वाचक, अकोला)

अन्याय नाही, असं मला ठामपणे वाटतं. नेहमीची वाट अशी : २५०० गुणांकन गाठायचं आणि ग्रँडमास्टरचे तीन नॉर्म मिळवायचे. एक नॉर्म म्हणजे तगड्या, बहुदेशीय स्पर्धेत साधारण २६०० च्या तोडीचा खेळ करून दाखवणं. अशा स्पर्धा शोधायच्या, युरोपात जाऊन राहायचं, पैसा उभा करायचा, आणि शेवटच्या फेरीत अर्धा गुण कमी पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरांना हा खर्च चांगलाच माहीत असेल.

पण फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्याच नियमांत दुसरीही वाट आहे. ठरावीक मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो. महिला विश्वचषक त्यातला एक. दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला गेली तेव्हा ती इंटरनॅशनल मास्टर होती आणि तिला पंधरावं मानांकन होतं. तिच्या नावावर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. हा विश्वचषक बाद पद्धतीचा असतो. एक लढत हरली की सामान बांधायचं. तिने दुसरी मानांकित चीनची झू जिनर, मग आपली द्रोणावल्ली हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी यांना एकामागून एक घरी पाठवलं.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती. हंपी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांचा टायब्रेक झाला. पहिला डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळ संपत आलं तसा हंपीचा अंदाज चुकला आणि दिव्याने ती संधी सोडली नाही. त्यानंतरचं दृश्य अनेकांनी पाहिलं असेल : पटावरून उठलेली एकोणीस वर्षांची मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली, आणि भारतीय महिलांत हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची चौथी.

आता सांगा, नॉर्मच्या तीन स्पर्धा कठीण की हे? नॉर्मच्या स्पर्धेत एक डाव गेला तर तो पुढच्या डावात भरून काढता येतो. इथे ती सोय नव्हती.

महाराष्ट्रातल्या बुद्धिबळाला या यशामागचा आणखी एक धागा माहीत असायला हवा. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या, तेव्हा त्यावर वाद पेटला. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी स्त्रियांना खुल्या स्पर्धांत अडवता येणार नाही असा निर्णय दिला. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली वर्षं गाजवली आहेत. तुमच्या वर्गातल्या मुलींना दिव्याच्या डावांबरोबर हेही सांगा.

प्रश्न : गुकेश सर्वांत तरुण जगज्जेता म्हणतात. आधीचा विक्रम कोणाचा होता? (सातवीतली वाचक, वाई)

गॅरी कास्पारोव्हचा. तो १९८५ मध्ये बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. गुकेशने १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापुरात डिंग लिरेनला ७.५–६.५ असं हरवलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. चौदावा, म्हणजे शेवटचा डाव बरोबरीकडे झुकला होता. डिंगने एका खेळीत हत्ती चुकीच्या घरात ठेवला आणि डाव तिथेच संपला.

प्रश्न : ‘थ्री आय अ‍ॅटलास’ नावाचा धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आला असं म्हणतात. त्याच्यावर पत्ता लिहिलेला नसताना शास्त्रज्ञांना ते कसं कळलं? आणि ते यान होतं का? (बारावीचा विद्यार्थी, बार्शी)

वेगावरून कळलं. सूर्याच्या ओढीत बांधलेली कुठलीही वस्तू, मग ती कितीही लांबून आलेली असो, सूर्यापासून ठरावीक अंतरावर एका मर्यादेपेक्षा जास्त वेगाने धावू शकत नाही. पृथ्वी जिथे आहे तिथे ही मर्यादा सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटर आहे. त्यापेक्षा जास्त वेग असेल तर ती वस्तू सूर्याला सोडून निघून जाणार, आणि उलट हिशेब केला तर ती बाहेरूनच आलेली असणार.

१ जुलै २०२५ ला चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने हा धूमकेतू टिपला. मग जुन्या छायाचित्रांत त्याच्या आधीच्या जागा सापडल्या, आणि त्या जोडल्यावर कक्षा निघाली. ती लंबवर्तुळ नव्हती. खूप उघडा अपास्त होता, जवळजवळ सरळ रेषाच म्हणा. ऑक्टोबरच्या शेवटी तो सूर्यापासून सगळ्यात जवळ होता, मंगळाच्या कक्षेच्या किंचित आत. तिथली मर्यादा सेकंदाला ३६ किलोमीटरच्या आसपास येते, आणि याचा वेग ६८ होता. एवढा फरक मोजणीच्या चुकीने पडत नाही.

‘थ्री’ म्हणजे तिसरा. पहिला २०१७ मधला ओमुआमुआ, दुसरा २०१९ मधला बोरिसोव्ह. तो दुसरा एका हौशी निरीक्षकाने स्वतःच बनवलेल्या दुर्बिणीतून शोधला होता, हे तुमच्या वयाच्या मुलांनी जरूर लक्षात ठेवावं.

यान नव्हतं. हार्वर्डच्या एका खगोलशास्त्रज्ञाने ती शक्यता मांडली आणि माध्यमांनी ती उचलून धरली. पण सूर्याजवळ येताना त्यातून वायू आणि धूळ बाहेर पडली, भोवती त्यांचा ढग, म्हणजे कोमा, तयार झाला, आणि जेम्स वेब दुर्बिणीला त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड दिसला. धूमकेतू असाच वागतो. पृथ्वीच्या तो सगळ्यात जवळ आला तेव्हाही सुमारे २७ कोटी किलोमीटर लांब होता. आता तो परत येणार नाही. दुसऱ्या एखाद्या सूर्याभोवतीचा बर्फ आपल्या अंगणातून एकदाच गेला, ही खरी थरारक गोष्ट आहे, आणि यानाच्या गप्पांत ती हरवली याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या कथांना कोणी विज्ञानकथा म्हटलं, कोणी अद्भुतकथा. दोन्हींत फरक काय? (ग्रंथपाल, रत्नागिरी)

एका कथेवरूनच सांगतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तुमच्या कपाटात असेलच. अकरावीच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातही ती आहे, त्यामुळे मराठी न येणारी मुलंही ती वाचतात. १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा हिंदुस्थानात जाऊन पोचतात जिथे मराठे ती लढाई जिंकले आहेत. इथपर्यंत ती अद्भुतकथाच आहे. पण पुढे कथेतला एक शास्त्रज्ञ पंतांना पुंज भौतिकीच्या आधारे, एकाच क्षणातून अनेक शक्यता कशा फुटू शकतात ते समजावतो. तिथे ती विज्ञानकथा होते. अद्भुतकथेने आपले नियम स्वतः घडवायचे आणि ते पाळायचे. विज्ञानकथेने ते निसर्गाकडून उसने घ्यायचे आणि जाणत्या वाचकाने उलटतपासणी केली तर उत्तर द्यायचं. दोन्हींतली लेखकाची मेहनत सारखीच, म्हणून एकीला वरची पायरी देणं मला पटत नाही.

नारळीकरांची एक गोष्ट मात्र प्रत्येक नवोदित लेखकाला सांगावी अशी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. तेव्हा ते जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते, पद्मभूषण होते. परीक्षकांनी नाव पाहून गुण देऊ नयेत एवढाच हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. २० मे २०२५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला डायरवुल्फ अमेरिकेत खरोखर जन्माला घातला, अशी बातमी वाचली. नामशेष प्राणी असे परत आणता येत असतील तर वाघ, माळढोक वाचवायची एवढी धडपड कशाला? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून मी काळजीत पडलो, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

डायरवुल्फ हा कल्पनेतला प्राणी नाही. तो अमेरिका खंडात खरोखर होता आणि दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी संपला. लॉस एंजेलिसच्या ला ब्रिया डांबरखाणीत त्याच्या चार हजारांहून जास्त प्राण्यांचे अवशेष सापडले आहेत, आणि तिथल्या संग्रहालयात त्याच्या कवट्यांची एक अख्खी भिंत आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी १९९६ मध्ये आलेल्या कादंबरीत तो स्टार्क घराण्यातल्या मुलांना सोबती म्हणून दिला. त्यातल्या एकाचा रंग पांढरा होता. मालिकेने तो घराघरांत पोचवला.

एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने तीन पिल्लं जगापुढे आणली. रोम्युलस आणि रेमस ऑक्टोबर २०२४ मध्ये जन्मले, खलिसी जानेवारी २०२५ मध्ये. तिचं नाव मार्टिन यांच्याच कादंबरीतलं. खुद्द मार्टिन यांचे या पिल्लांबरोबर फोटो आले, आणि कंपनीत त्यांची गुंतवणूकही आहे. तिन्ही पिल्लं पांढरीशुभ्र.

काय केलं ते नीट पाहू. ओहायोत सापडलेला तेरा हजार वर्षांपूर्वीचा दात आणि आयडाहोतली बहात्तर हजार वर्षांपूर्वीची कवटी यांतून डीएनए काढला. त्यावरून डायरवुल्फचा जनुकसंच शक्य तितका वाचला. मग आजच्या साध्या करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, त्यांच्या चौदा जनुकांत वीस बदल केले, त्या पेशींचं केंद्रक कुत्रीच्या बीजांडात घातलं आणि गर्भ कुत्रीच्याच पोटात वाढवला. वीसपैकी पाच बदल तर डायरवुल्फमधले नव्हतेच. त्याच्या रंगाच्या जनुकांनी करड्या लांडग्यात बहिरेपण आणि अंधत्व येण्याची भीती होती, म्हणून सुरक्षित वाटेने पांढरा रंग आणला.

आता हिशेब करा. दोन्ही प्राण्यांचा जनुकसंच ९९.५ टक्के सारखा आहे असं कंपनीच म्हणते. लांडग्याचा जनुकसंच सुमारे २४० कोटी अक्षरांचा. उरलेला अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाखांच्या घरात फरक. त्यातले बदलले पंधरा! शिवाय २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार डायरवुल्फ आणि करडा लांडगा यांच्या वाटा सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, इतक्या की डायरवुल्फला आता वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या श्वानकुळ तज्ज्ञगटाने एप्रिल २०२५ मध्येच स्पष्ट केलं की हे तीन प्राणी डायरवुल्फ नाहीत आणि त्याच्या जागी धरता येतील असेही नाहीत.

माझाही निर्वाळा तोच. हे जनुकं बदललेले करडे लांडगे आहेत. तंत्र म्हणून कौतुक करावं असं काम आहे, आणि जगण्याच्या काठावर असलेल्या प्राण्यांसाठी ते उद्या उपयोगी पडेलही. पण गेलेला प्राणी परत आला हे म्हणणं खरं नाही. लांडगा म्हणजे फक्त जनुकं नसतात. कळपात कसं राहायचं, कोणाला घाबरायचं, पावसात पिल्लं कुठे हलवायची, हे तो आई-बापांकडून शिकतो. डायरवुल्फला हे शिकवणारं आता कोणी उरलेलं नाही. ज्या महाकाय प्राण्यांची तो शिकार करायचा, तेही संपले. ही तीन पिल्लं दोन हजार एकरांच्या कुंपणात माणसांच्या देखरेखीखाली वाढतात.

आणि आता आपल्या दाराशी या. सासवड, सुपे, बारामती, इंदापूर, करमाळा या पट्ट्यातल्या माळरानावर आजही लांडगा आहे. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक. देशभरात ते तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे आपल्या वाघांपेक्षाही कमी. कायद्याने त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. पण वाघाला जंगल आहे, आणि लांडग्याचं घर सरकारी कागदावर ‘पडीक’ आहे. तिथे कारखाना उभारला, मुरूम उपसला, चर खणून झाडं लावली, तरी कोणाला काही तोडल्यासारखं वाटत नाही. उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री माळावर येतात आणि डिस्टेंपरसारखे आजार लांडग्यांना देतात. पुणे जिल्ह्यात कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतही दिसलं आहे. तिकडे लांडग्यात वीस बदल करून नवा प्राणी झाल्याचा गाजावाजा होतो, आणि इथे हजारो वर्षांची अस्सल वंशावळ आपल्या हलगर्जीपणाने पुसली जाते आहे. मला याचा राग येतो, आणि तुमच्यासारख्या शिकणाऱ्या मुलींनाही तो यावा असं वाटतं.

या माळावर लांडग्याबरोबर सगळ्यात जास्त राहतो तो धनगर. रात्री जाळीच्या कुंपणात मेंढरं घेऊन कुत्र्यांच्या भरवशावर झोपणाऱ्या माणसाचं कोकरू लांडगा उचलून नेतो. तरी अनेक मेंढपाळ त्याला मारत नाहीत, त्याचाही वाटा धरतात. त्यांच्या या सोसण्याची किंमत आपण वेळेवर द्यायला हवी. लांडग्याने जनावर मारलं तर वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि सतत फिरत्या मेंढपाळांना ते फार अवघड जातं.

याच माळरान पट्ट्यातल्या कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वन विभागाने माळरान सफारी सुरू केली आहे. सुट्टीत तिथे जा, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. लांडगा दिसला तर गाडी जागेवर उभी करा, त्याच्या मागे ती पळवू नका, आणि पिल्लांच्या बिळाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. जखमी प्राणी दिसला किंवा एखाद्या मेंढपाळाचं नुकसान झाल्याचं कळलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.